तिसऱ्या खिडकीतून दिसणारी गल्ली

मुनवर पेंटरानं आपलं एकही चित्र समोर उभं राहून पाहिलं नाही, असं उमरग्यात गमतीनं म्हणत. गंमत असली तरी खोटी नव्हती. चित्र काढायला तो भिंतीपुढं उभा राहायचा; पाहायला मात्र एसटीत बसायचा. खडूनं आकार टाकून झाले की हात पुसून स्टँडवर जायचा, येणेगूरकडं निघालेली गाडी धरायचा, गावाबाहेरच्या फाट्यावर उतरायचा आणि सोलापूरकडून येणाऱ्या पहिल्या गाडीत डाव्या अंगाच्या तिसऱ्या खिडकीशी बसून परत यायचा. भिंत जवळ येऊ लागली की मान किंचित पुढं. भिंत मागं पडली की डोळे मिटून दोन क्षण शांत. मग स्टँडवर उतरून तरातरा भिंतीकडं, आणि जिथं चुकलं असेल तिथं ओला फडका.

गाडीवर कंडक्टर ईरण्णा असला तर तो दारातूनच ओरडायचा, "बर्री, या पेंटर! तिसरी खिडकी रिकामी ठिवलीय. एका म्हातारीला मागं बसवलं. तुझ्यापायी माझं पाप वाढायलंय."

या खटाटोपाला कारण होतं. हायवेवरची भिंत माणसाला समोरून दिसतच नाही. समोर येते न येते तोच ती निघून गेलेली असते. ती दिसते लांबून, तिरकी, धावत्या गाडीतून; आणि तिरक्या नजरेला जवळचं पसरतं, लांबचं आखडतं. म्हणून मुनवर चौकड्या आखायचा त्याही तशाच. गाडी जिकडून येणार त्या टोकाला अरुंद, आणि पुढं सरकेल तसतशा रुंद, उंच. नीळ लावलेली दोरी ताणून सोडली की भिंतीवर निळ्या रेघांचं वाकडंतिकडं जाळं उमटायचं. जवळून बघणाऱ्याला चित्र ताणलेल्या कातड्यासारखं वाटे. सिमेंटच्या पोत्याचं पोट सुटलेलं, बैलाचा पुढचा पाय मागच्याच्या दीडपट. तिसऱ्या खिडकीतून मात्र पोतं पोत्यासारखं आणि बैल बैलासारखा.

ही विद्या त्याला सिद्रामप्पा उस्तादांनी दिली. उस्ताद एका नाटक कंपनीचे पडदे रंगवत. कंपनी अर्धं वर्ष सीमेपलीकडं कानडी नाटकं करायची, अर्धं वर्ष अलीकडं मराठी. नट तेच, दाढ्या त्याच, भाषा तेवढी बदलायची. विशीतला मुनवर त्यांच्याकडं रंग घोटायला लागला तेव्हा कंपनीपाशी तीन पडदे होते: राजवाडा, जंगल आणि रस्ता. त्यातला रस्त्याचा पडदा सगळ्यांत पुढं सोडायचा. त्याच्यापुढं विनोदी पात्रं येऊन हशा पिकवायची आणि त्या हशाच्या आडून मागं राजवाडा उभा राहायचा. पडद्यावर दोन्ही बाजूंना घरं आणि मधून आत आत जाणारी गल्ली. प्रयोग सुरू झाला की कापडाची ती गल्ली अशी खोल वाटायची की पुढं बसलेली पोरं मान वाकडी करून तिच्या टोकाला कोण आहे ते बघायची.

पडदा रंगवून झाला की उस्ताद खाली जाऊन सतरंजीवर बसत. खुर्चीवर कधीच नाही. "खुर्चीवाला पासावर आलेला असतो," ते म्हणत, "तिकीट काढून आलेला खाली बसलाय. चित्र त्याच्या जागेवरून सरळ दिसलं पाहिजे. तू कुठं उभा राहून काढतोस याच्याशी त्याचं काय देणं?"

कंपनी बुडाली. राजवाडा आणि जंगल कुणाच्या तरी खळ्यावर ज्वारी झाकायला गेले, रस्ता कुठं गेला ते कळलंच नाही. उस्तादही गेले. मुनवर हायवेवर आला. बियाणं, सिमेंट, विड्या, साबण, शिकवणीचे वर्ग. नळदुर्गापासून तुरोरीपर्यंत एक काळ असा होता की रस्त्याकडेची प्रत्येक दुसरी भिंत त्याच्या हातची होती. पण कंपन्यांचा नियम कडक. माल आमचा, नाव आमचं, पेंटरचं नाव भिंतीवर दिसता कामा नये. पुढं फ्लेक्स आले आणि भिंती सुटल्या. मग गाड्यांचे नंबर, शाळांवरचे सुविचार, आणि कब्रस्तानातले दगड. त्याला मराठी, उर्दू, कानडी तिन्ही वळणं येत, म्हणून दगड मात्र दूरदूरहून येत.

"चाळीस वर्षं दुसऱ्याचीच नावं लिहिली जी तुम्ही," त्याची बायको मदिनाबी एकदा म्हणाली होती. "जित्याचीबी, मेल्याचीबी." टोमणा नव्हता तो. भाकरी थापता थापता तिला सहज दिसलं ते ती बोलली. पण मुनवरच्या मनात ते रुतून बसलं. कुठंतरी, एका तरी भिंतीवर, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात आपलं नाव. त्यापलीकडं त्याला जगाकडून काही नको होतं.

ईद होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा रणधीर नावाचा एक तरुण त्याला शोधत चौकातल्या चहाच्या हॉटेलात आला. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेचं काम तो करत होता. ईरण्णा तेव्हा निवृत्त होऊन रिकामाच होता आणि मुनवरसोबत बशीतून चहा पीत होता.

"चाचा, आता भिंतीवरच्या चित्राला कला मानतात," रणधीर म्हणाला. "मोठ्या शहरांत त्याला ग्राफिटी म्हणतात. लोक लांबून बघायला येतात."

"मग आमचा पेंटर इतकी वर्षं काय करत व्हता?" ईरण्णानं विचारलं. "भिंती नासवत व्हता का?"

"ती जाहिरात होती, काका. ही कला."

"असं व्हय. म्हंजे कुणी सांगून काढलं की जाहिरात, आन् कुणी इचारलं न्हाय तरी काढलं की कला."

रणधीर हसला. पोरगा चांगला होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. संस्था जिल्ह्यातली एकच भिंत निवडणार होती. निवडलेल्या भिंतीला दहा वर्षं कुणी हात लावायचा नाही. तिच्याशेजारी दगडी पाटी बसणार, पाटीवर चित्रकाराचं नाव कोरलेलं असणार. रंगाचे डबे संस्था देईल. डाळ मिलवाले शिवलिंगप्पा आपल्या गोदामाची साठ फुटी भिंत द्यायला तयार आहेत.

"आणि काढायचं काय?" मुनवरनं विचारलं.

"तुमचं काहीही."

त्या एका शब्दानं मुनवर पाच दिवस हैराण झाला. 'तुमचं' असं त्याला आजवर कुणी म्हणालंच नव्हतं. तो सकाळी जाऊन भिंतीकडं बघायचा आणि परत यायचा. त्याला दुसरी एक धास्ती होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. उजवा हात कापू लागला होता. नंबरप्लेटीवर चालून जायचं, पण साठ फुटांवर? त्याचा त्यालाच अंदाज होता की या हातात आता एक भिंत उरली आहे. दोन नाहीत.

"कोरी भिंत बघून भ्या वाटायलं का जी?" मदिनाबीनं विचारलं.

"व्हय."

"मग नक्को करू."

"न करून कसं?"

सहाव्या दिवशी पहाटे नमाजाहून परतताना मुनवरला सुचलं. रस्त्याचा पडदा. तोच. पण कापडावरचा कुठल्यातरी नगरीचा नाही. उमरग्याच्या जुन्या बाजाराची गल्ली, त्याच्या लहानपणची. अत्ताराचं दुकान, तांबटाचा ओटा, माडीवरून खाली सोडलेली दोरीची टोपली, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा हौद. आणि ती काढायची अशी की एसटीच्या तिसऱ्या खिडकीतून बघणाऱ्याला भिंत दिसूच नये. गोदामाच्या जागी एक गल्ली आत वळलेली दिसावी.

बावीस दिवस लागले. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर. मधल्या वेळी ब्रशावरच रंग सुकायचा. दोरीचं दुसरं टोक धरायला ईरण्णा. तीस वर्षं गाडीत उभा राहिलेला माणूस, परांचीवर असा डुलायचा की बघणाऱ्याचा जीव खालीवर.

एक दिवस दोरी ताणताना मुनवरनं विचारलं, "ईरण्णा, गावाबाहेरून बांधायलेत तो पूल सुरू झाला तर? गाड्या मग तिकडून जातील."

"आठ वर्षं रखडलाय त्यो पूल," ईरण्णा म्हणाला. "खांबावर पिंपळ उगवलाय. आधी त्या पिंपळाचा पार बांधतील, मग पूल. तू दोरी सोड."

त्या पुलावर गावात कुणाचाच विश्वास नव्हता. मुनवरनं दोरी सोडली.

रंग पुरा झाला त्या दिवशी दोघं फाट्यावर गेले आणि सोलापूरहून येणारी गाडी धरली. तिसऱ्या खिडकीत एक कॉलेजची मुलगी बसली होती. ईरण्णानं जुन्या रुबाबात तिला म्हटलं, "बाळ, पाच मिनिटं उठ. सरकारी काम हाय." मुनवर बसला. गाडी वळणावर आली. गोदाम दिसू लागलं.

आणि गोदाम उघडलं. राजवाड्यापुढचा पडदा वर जावा तसं. भिंत कुठं गेली कोण जाणे. तिथं उन्हात न्हालेली एक गल्ली होती. उजवी-डावी घरं, टोपली, हौद, आणि पार टोकाला निळसर धुरकट काही, जिथं उस्ताद नेहमी एक दरवाजा अर्धा उघडा ठेवत. मुनवरनंही ठेवला होता. गाडी पुढं सरकली तशी गल्ली हळूच वळली आणि मिटली.

समोरून ड्रायव्हरचा आवाज आला, "आरं, हितं गल्ली कधी निघाली?" आणि त्यानं खरोखरच ब्रेक दाबला. मागचा ट्रक भोंगा वाजवत राहिला. गाडीतली माणसं डाव्या अंगाला झुकली. ती कॉलेजची मुलगी मागच्या खिडकीतून अर्धी बाहेर. ईरण्णा उभ्या उभ्या ओरडला, "ह्या इथं बसलेल्या माणसानं काढलीय! बगा, बगून घ्या!"

मुनवरनं डोळे मिटले होते. या खेपेला ओल्या फडक्याची गरज नव्हती.

चालत जाणारे मात्र हसत. त्यांना दिसायचं ते फुगलेलं, ताणलेलं, एका बाजूला भरकटत गेलेलं काहीतरी. "चाचाचे डोळे गेले," असं पानवाल्यानं म्हटल्याचं मुनवरच्या कानावर आलं. त्यानं मनावर घेतलं नाही. चालणारे होतेच किती? रस्ता गाड्यांचा होता. बारा दिवस गाड्या येत राहिल्या आणि खिडक्यांतून माना बाहेर येत राहिल्या.

तेराव्या दिवशी संस्थेच्या परीक्षक आल्या. शुभांगी त्यांचं नाव. स्वतः मोठमोठ्या इमारतींवर चित्रं काढणाऱ्या. नखांत रंग होता, ते मुनवरनं आधी बघितलं आणि त्याला धीर आला. त्या गाडीतून उतरून रस्त्याच्या पलीकडं, अगदी समोर, उभ्या राहिल्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. रणधीर मोबाईल हातात घेऊन अवघडल्यासारखा उभा.

"चाचा, रंग फार सुंदर आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण घरांची मापं..."

"ताई, हितून न्हाय बघायचं," मुनवर घाईघाईनं म्हणाला. "गाडीतून बघायचं. एसटीत बसा माझ्यासंगं. दहा मिनिटांचं काम."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, मुनवरकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "चला."

तिघं फाट्यावर जाऊन उभे राहिले. मागून ईरण्णाही आला. मे महिन्याचं ऊन. पाच मिनिटं गेली, वीस गेली. रिक्षा आल्या, दुचाक्या आल्या, चाऱ्याचा एक ट्रॅक्टर आला. एसटी आली नाही. चाळीस मिनिटांनी ईरण्णानं डेपोतल्या जुन्या सोबत्याला फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हनतो?" मुनवरनं विचारलं.

"पूल सुरू झाला. काल सांजंपास्नं." ईरण्णानं फोन खिशात घातला. "समद्या गाड्या पुलावरून, मागच्या अंगानं स्टँडात शिरायल्यात. ह्या रस्त्यानं आता यष्टी न्हाय."

मग ईरण्णाच पुढं झाला. पेंडीची पोती भरलेला एक टेम्पो येत होता, त्याला त्यानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून थांबवलं. "ताई, चढा. तुमची गाडी ठेंगणी पडती. पोत्यावर बसलं की बराबर खिडकीची उंची येती. तीस वर्षं मोजलीय म्या."

शुभांगीताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि चढल्या. खरंच चढल्या. टेम्पो वळणावर आला तेव्हा पोत्यांखाली फळीला धरून रणधीरसोबत उभ्या असलेल्या मुनवरला त्यांचा चेहरा दिसत होता. तो आधी वैतागलेला होता, मग एकाएकी लहान मुलीसारखा उघडला. त्या पोत्यांवर उभ्याच राहिल्या.

खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाहिलं मी, चाचा. टोकाचं ते दारसुद्धा पाहिलं."

त्या बाजूला जाऊन वरिष्ठांशी फोनवर बोलू लागल्या. रणधीरनं मुनवरला हळू आवाजात सांगितलं की नियमाप्रमाणे फोटो समोरूनच लागतो, पूर्ण भिंत चौकटीत. तिरका फोटो किंवा व्हिडिओ घेतच नाहीत. पंधरा मिनिटांनी त्या परतल्या आणि मान हलवली.

"मी भांडले. बाकीचे चौघं फोटोच बघणार. आणि चाचा, खरं सांगू? रागावू नका. टेम्पोत पोत्यांवर चढल्याशिवाय जे दिसत नाही, ते सगळ्यांचं चित्र कसं म्हणायचं? आता या भिंतीपुढून पायी जाणारी माणसंच जाणार. त्यांनी काय पाहायचं?"

हा प्रश्न उस्तादांचाच होता. तिकीट काढून आलेला माणूस आता दुसरीकडं बसला होता.

"आठ दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "समोरून सरळ करा. हीच गल्ली. मी शब्द टाकते तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी परांची पुन्हा उभी राहिली. मुनवरनं पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली, जिथली घरं सगळ्यांत फुगलेली होती. त्यांवर पांढरा हात दिला, दोरीनं सरळ उभ्या-आडव्या चौकड्या आखल्या, शाळेतल्या वहीसारख्या. ईरण्णा खाली समोरच्या कट्ट्यावर बसून बघत राहिला. पायी चालणाऱ्याची नजर म्हणून आता तोच.

पहिलं घर सरळ झालं. दुसरं झालं. तिसऱ्या दिवशी ईरण्णानं हाक मारली, "पेंटर, ही माडी परत निघाली की रं तिरकी."

मुनवर खाली उतरला. रस्ता ओलांडून कट्ट्यापाशी गेला आणि वळून पाहिलं. चौकडी सरळ होती, आणि तरीही माडी सोलापूरच्या दिशेला ओढल्यासारखी कलली होती. त्यानं पुसली, पुन्हा काढली. पुन्हा कलली. परांचीवर असताना त्याला ती चक्क सरळ दिसत होती. त्याचा डोळा पायाखालच्या फळीवर नव्हताच, तो फाट्यावरून येणाऱ्या गाडीत बसलेला होता. पंचेचाळीस वर्षं तिथं बसवलेल्या डोळ्याला चार दिवसांत उठवायचं कसं?

"डाव्या डोळ्यावर पट्टी बांध," ईरण्णानं सुचवलं. तेही करून झालं. पाचव्या दिवशी मनगट सुजलं. रात्री मदिनाबीनं हळदीचा लेप लावला आणि विचारलं, "लई राहिलंय का?"

"निम्मं."

"निम्मं झालं म्हना की."

सातव्या दिवशी हात ब्रश धरीना. भिंतीचं एक टोक सरळ, दुसरं जुन्यासारखं ताणलेलं, आणि मधे जिथं दोन्ही भेटत होती तिथं एक माडी वरपासून खालपर्यंत दुभंगलेली. शेजारची घरं तिच्यावर रेललेली. गल्ली आता टेम्पोतूनही दिसणार नव्हती आणि कट्ट्यावरूनही नाही.

आठव्या दिवशी सकाळी तो परांची सोडवत असताना सिताबाई आली. डोक्यावर मेथी-शेपूची पाटी घेऊन ती रोज या रस्त्यानं बाजारात जायची; पण भिंतीकडं बघायला तिला कधी सवड नव्हती. आज परांचीनं वाट अडवली होती म्हणून ती थांबली आणि तिनं वर पाहिलं. बघता बघता तिनं पाटी खाली ठेवली.

"कुणी काढलं ह्ये?"

"म्या काढलं, बाई."

"सास्तूर हाय न्हवं?"

"न्हाय. हितलंच. जुना बाजार."

"न्हाय," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "सास्तूर हाय. आमचीच गल्ली. भूकंपाच्या सकाळी उजाडल्यावर अशीच दिसली मला. समदी घरं एकमेकाच्या अंगावर. आन् ती माडी मधनं उकललेली. तिच्या खाली माझी..." ती थांबली. पदर तोंडात धरला. मग मुनवरकडं बघून म्हणाली, "ह्ये कशापायी काढलं, बाबा? सुखासुखी?"

मुनवर बोलू पाहत होता. गाडी, खिडकी, पूल, फोटो, आठ दिवस. यातलं काय सांगायचं? तिनं पाटी उचलायला हात पुढं केला, तशी त्यानं डाव्या हातानं ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. ती गेली.

अकरा वाजता रणधीर आला, मोबाईल काढला आणि भिंतीकडं बघून तो परत खाली घेतला.

"फोटो काढू नका, साहेब," मुनवर म्हणाला.

"चाचा, असं कसं? मला काहीतरी पाठवावं लागेल."

"चित्र न्हाय, असं लिहा."

रणधीरनं शुभांगीताईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, "चाचा, मी अजून दोन दिवस मागून घेते. देतील ते."

"नको ताई," मुनवर म्हणाला. "दोन दिवसांत हात नवा येत न्हाय." आणि त्यानं फोन परत दिला. तुम्ही पोत्यावर चढलात, एवढं त्याला म्हणायचं होतं. ते राहून गेलं.

पुढं कळलं की कळंबची एक भिंत निवडली गेली. पाटी तिथं बसली. पाटीवर कुणा एकाचं नाव असेलच. मुनवरनं ते विचारलं नाही.

त्याला एकच घाई होती, ती भिंत मिटवायची. संस्थेचे डबे संपले होते. शिवलिंगप्पांनी मिलमधला उरलेला चुना दिला. माणूस उदार; म्हणाले, "राहू द्या की पेंटर, मला काय त्याचा त्रास?" पण मुनवरनं ऐकलं नाही. दुखऱ्या हाताला कुंचा दोरीनं बांधला आणि ईरण्णानं बादली धरली.

आता ऑइल पेंटावर चुना धरत नाही, हे काय मुनवरला कुणी सांगायला हवं होतं? उन्हापावसात दहा वर्षं टिकावा म्हणून त्यानं एकावर एक तीन थर दिले होते. पहिला हात दुपारपर्यंत पापुद्रे होऊन गळाला. दुसऱ्यात त्यानं डिंक घातला. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी राहिली, आणि सकाळी पाहतात तो घरं पुन्हा वर आलेली. रंग गेलेले, आकार तेवढे राहिलेले, दुभंगलेली माडी तर पहिल्याहून स्पष्ट.

"आज अजून एक हात देऊ," ईरण्णा म्हणाला. "थोडं मीठ घालू. चिकटंल."

मुनवर बादलीत मीठ ढवळत होता. रस्त्याच्या टोकाला सिताबाई येताना दिसली. भिंत अजून लांब होती तोच ती थांबली, आणि डोक्यावरची पाटी एका हातानं सावरत, ट्रॅक्टर जाऊ देत, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागली.